पट, कोठी आणि मूल : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

परदेशी देणगीवर चालणाऱ्या संस्थांमधली बालसुरक्षा आणि पैशांचा गैरव्यवहार यांवरच्या मागच्या लेखाला तुम्ही शहाद्याहून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. मागच्या लेखातले बालसुरक्षेचे आणि हिशेबाचे नियम लंडन-जिनिव्हाच्या मोठ्या संस्थांसाठी आहेत, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात चार माणसं आणि एका जीपवर चालणाऱ्या संस्थेला ते पेलत नाहीत. आपल्याकडे सगळे ओळखीचे, ‘आपलाच माणूस शे’, मग चौकशा कशाला? आधी सरकारी आश्रमशाळांकडे बघा. आणि बालसुरक्षा व हिशेब हे दोन वेगळे विषय मी ओढूनताणून एकत्र बांधले. शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतात.

सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. मुलांची शाळा सुटू नये म्हणून संस्था हंगामी वसतिगृह चालवते आणि देणगीदार दर मुलामागे खर्च देतो. समजा, पटावर ६० मुलं आहेत आणि धान्य रोज प्रत्येकी ४०० ग्रॅम धरलं आहे. म्हणजे कोठीतून रोज २४ किलो निघायला हवं. त्यातली १५ मुलं आईबापांमागे निघून गेली आणि हजेरी मात्र ६० चीच लागत राहिली, तर रोज ६ किलो, महिन्याला १८० किलो धान्य फक्त कागदावर शिजतं. लेखापरीक्षक याला धान्याची चोरी म्हणेल, आणि ती आहेच.

आता तीच वही मुलाच्या बाजूने वाचा. ती १५ मुलं फडावर आहेत, कोणी कामाला नेली, की एखाद्या मुलीचं लग्न उरकून टाकलं, हे कोणालाच माहीत नाही. वहीप्रमाणे ती रोज रात्री जेवून झोपतात, त्यामुळे त्यांना शोधायला कोणी निघणारच नाही. खोटी हजेरी लिहिणारा गृहपाल, ती माहीत असलेली स्वयंपाकीण आणि बिलं पास करणारा लेखनिक हे तिघं एकमेकांना बांधले जातात. उद्या यांच्यातल्या एकाने मुलीच्या अंगाला हात लावला, तर बाकीचे दोघं तोंड उघडू शकत नाहीत, कारण तो कोठी उघडी पाडेल. पैशाच्या चोरीत एकदा भागीदार झालेली माणसं मुलासाठी साक्ष द्यायला उरत नाहीत. म्हणून मी हे दोन विषय वेगळे मानत नाही आणि मानणारही नाही.

जगातला अनुभवही हाच आहे. २००२ साली संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था आणि ‘सेव्ह द चिल्ड्रन’ची ब्रिटिश शाखा यांच्या पाहणीत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनच्या छावण्यांमधली तक्रार पुढे आली : मदतीचं सामान हातात असलेले लोक त्या सामानाच्या मोबदल्यात अल्पवयीन मुलींचं शोषण करत होते. यादीत नाव घालणं, धान्य मोजणं आणि तक्रार ऐकणं एकाच हातात असेल, तर त्या हातासमोर मूल काय बोलणार? त्यानंतर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आपल्या कर्मचाऱ्यांना १८ वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंधांची सरसकट मनाई केली. ‘वय जास्त वाटलं’ ही सबबही काढून टाकली.

तर मग चार माणसांच्या संस्थेने करायचं काय? मोजणी करायची. महिन्यातून तीनदा, न सांगता, रात्रीच्या जेवणानंतर, गृहपालाखेरीज दुसऱ्या कोणीतरी डोकी मोजायची. नावं पुकारू नका, कारण ‘हजर’ दुसराच कोणी म्हणतो. प्रत्येक मुलाला नाव, इयत्ता आणि पाडा विचारा, त्याची पेटी आणि अंथरूण दाखवायला सांगा. शेजारच्या पाड्यावरची मुलं आणून खाटा भरण्याचा प्रकार तिथेच उघडा पडतो, कारण उसन्या मुलाची पेटी नसते. आकडा शाईने, वेळेसह लिहा. मग कोठीच्या नोंदवहीतली त्याच दिवसाची शिल्लक काढा आणि प्रत्यक्ष पोती मोजा. एक उघडं पोतं काट्यावर चढवा. ही मोजणी बहुतेक फसते ती बातमी फुटल्यामुळे : जीप कार्यालयातून निघाली की वसतिगृहात फोन जातो. त्यावर उपाय एकच, मोजणाऱ्याने एसटीने जावं आणि तारीख त्याच्याखेरीज एकाच विश्वस्ताला माहीत असावी.

दुसरी वही फाटकाची. होळीला, त्यातही काठी गावच्या होळीला आणि होळीआधीच्या भोंगऱ्याच्या आदिवासी बाजाराला, मुलं घरी जातात आणि गर्दीत कोण कोणाला घेऊन गेलं हे कळत नाही. प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून जास्तीत जास्त तीन माणसांची नावं, नातं आणि फोटो घ्या. त्यांच्याखेरीज कोणाच्याही हाती मूल द्यायचं नाही, मामा असो की मुकादम. नेताना सही किंवा अंगठा, वेळ आणि परतीची तारीख लिहायची. मूल त्या तारखेला परतलं नाही, तर तिसऱ्या दिवशी पाड्यावर माणूस गेलाच पाहिजे. मूल फाटकाबाहेर गेलं की हजेरीतून नाव तेव्हाच कमी होतं आणि धान्यही तेव्हाच कमी निघतं. एकाच वहीतून दोन्ही कामं होतात.

आता ‘आपलाच माणूस शे’ याबद्दल. भाऊ, परक्या माणसाला मुलाजवळ एकटं कोणी सोडतच नाही. ओळखीच्यालाच सोडतात, आणि धोका तिथेच असतो. हैतीत भूकंपानंतर काम करणाऱ्या ‘ऑक्सफॅम’ या ब्रिटिश मदतसंस्थेच्या काही कर्मचाऱ्यांवर २०११ मध्ये गैरवर्तनाची अंतर्गत चौकशी झाली. चौघांना काढलं आणि तिघांना राजीनामा देऊ दिला. त्या तिघांत तिथला प्रमुखही होता. २०१८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या वर्तमानपत्राने ते उघड केलं, तेव्हा त्यांतले काहीजण मधल्या काळात दुसऱ्या मदतसंस्थांत रुजू झाले होते हेही समोर आलं. २०१९ मध्ये ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने ‘ऑक्सफॅम’ला अधिकृत ताकीद दिली. त्याच वर्षापासून मदतसंस्थांमध्ये एक योजना सुरू आहे : नोकरी देताना उमेदवाराच्या आधीच्या संस्थेला लेखी विचारायचं, याच्यावर लैंगिक गैरवर्तनाची कारवाई झाली होती का.

आपल्याकडे हेच लहान प्रमाणात होतं. धुळ्यातून ‘समज देऊन’ काढलेला माणूस ‘काम समाधानकारक’ असा दाखला घेऊन तळोद्यात रुजू होतो. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र घ्याच, पण त्यात फक्त नोंदलेले गुन्हे दिसतात. दाबलेलं प्रकरण तिथे येत नाही. शेवटच्या दोन्ही ठिकाणच्या प्रमुखांना स्वतः फोन करा, त्यांचा नंबर उमेदवाराकडून न घेता संस्थेच्या पत्त्यावरून काढा, आणि तीन प्रश्न विचारा. नोकरी का सोडली? मुलांच्या संदर्भात तक्रार होती का? तुम्ही याला पुन्हा घ्याल का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला, तरी ते टिपून ठेवा.

‘लहान संस्थेला हे लागू नाही’ असं कायदा कुठेच म्हणत नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा घ्या. कलम १९ प्रमाणे लैंगिक गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची शक्यता कळलेल्या कोणालाही पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्याला त्याच कलमाचं संरक्षण आहे. ‘आधी आपण आपली समिती बसवून खात्री करू’ म्हणून दहा दिवस घालवणारी संस्था त्या दहा दिवसांत पुरावाही घालवते आणि स्वतः आरोपीच्या पिंजऱ्याजवळ जाते. पंचांपुढे दंड भरून मिटवणं तर कायद्यात बसतच नाही.

म्हणून क्रम पाठ करून ठेवा. मुलाला खोदून खोदून विचारू नका. ते जे बोललं तेच शब्द, त्याच बोलीत, तारीख-वेळेसह लिहा. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. संशयित माणसाला त्याच तासाला मुलांपासून दूर करा, पण मुलाला दुसऱ्या वसतिगृहात हलवू नका. हलवलं की शिक्षा मुलालाच होते. पोलिसांना किंवा १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकाला फोन करा आणि फोनची वेळ लिहून ठेवा. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, तसं झालं का ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, गणवेशाशिवाय आलेल्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने. मूल पावरी किंवा भिली बोलत असेल तर दुभाष्या मागा, तो कायद्यानेच द्यावा लागतो. आणि तो दुभाष्या तुमच्याच संस्थेतला नसावा.

तक्रारपेटीवर तुमचा विश्वास नाही, माझा तर तुमच्यापेक्षाही कमी आहे. दुसरीतलं मूल मराठी चिठ्ठी लिहून पेटीत टाकेल, आणि तीही गृहपालाच्या दारावरच्या पेटीत, जिची किल्ली गृहपालाकडेच! त्यापेक्षा बाहेरची एक बाई, आशाताई किंवा अंगणवाडीताई, दर पंधरवड्याला मुलींशी त्यांच्या बोलीत तासभर बोलू दे, कर्मचारी जवळ नसताना.

पैशाच्या बाजूला फार लांबण लावत नाही. मागणी, खरेदी आणि पैसे देणं ही तीन कामं तीन माणसांची. चारच माणसं असतील तर तिसरी सही विश्वस्ताची. सह्या केलेले कोरे धनादेश कपाटात ठेवू नका. ‘साहेब नाशिकला जातात’ म्हणून ठेवलेले हे धनादेशच पुढे महागात पडतात. तीन दरपत्रकं एकाच छापखान्याची आणि एकाच हस्ताक्षरातली असतील, तर ती एकाच दुकानात बसून लिहिलेली आहेत. एकाच दुकानदाराची बिलं दोन महिन्यांनी लागोपाठच्या नंबरांची येत असतील, तर त्याच्याकडे तुमच्याखेरीज गिऱ्हाईक नाही. असं दुकान एकदा प्रत्यक्ष पाहून या.

तुमचा एक मुद्दा शंभर टक्के खरा आहे. देणगीदार ४० पानी इंग्रजी धोरण पाठवतात, शेवटच्या पानावर सगळ्यांच्या सह्या मागतात आणि स्वयंपाकिणीला त्यातलं एक अक्षर कळत नाही. त्या सह्यांना मी काडीची किंमत देत नाही. एक पान मराठीत, आणि तेच पाड्यावर बोलून सांगितलेलं, एवढं पुरे. मुलांना मारायचं नाही, एकट्याला खोलीत न्यायचं नाही, मुलाकडून स्वतःची कामं करून घ्यायची नाहीत, पाहुण्याला मुलासोबत एकटं सोडायचं नाही, दिसलं तर कोणाला सांगायचं. पाहुण्यांत देणगीदारही आले. त्यांना कुपोषित बाळाचा फोटो हवा असतो. चेहरा आणि पाड्याचं नाव एकत्र जाऊ देऊ नका, फोटो पाठवण्यापूर्वी त्यात मोबाइलने टाकलेली जागेची नोंद (लोकेशन) पुसून टाका, आणि प्रायोजकाला मुलाचा पत्ता किंवा फोन कधीच देऊ नका. पत्र येऊ दे, पण संस्थेच्या हातून आणि वाचून.

खर्चाचंही तुम्ही बरोबर लिहिलंत. परदेशी देणगी कायद्याच्या सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या देणगीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि ती देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. त्यामुळे बालसुरक्षेचा पगार कुठे दाखवायचा हा प्रश्न खराच आहे. वसतिगृहात मुलांबरोबर थेट काम करणारी व्यक्ती हा कार्यक्रमाचा खर्च आहे. तो प्रस्तावातच वेगळ्या ओळीने मागा आणि कामाच्या वर्णनात तसं लिहा. नंतर ‘इतर’मध्ये कोंबला तर तो प्रशासकीय ठरू शकतो. त्याची नोंद आणि वार्षिक विवरण, जे आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत भरायचं असतं, यांत एकच आकडा दिसला पाहिजे.

सरकारी आश्रमशाळांची परिस्थिती वाईट आहे, हे मान्य. त्यांच्याबद्दल आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात लेखी विचारा, माहिती अधिकारात पट आणि धान्याचे महिनावार आकडे मागा, मीही त्यावर लिहीन. पण तुमच्या वसतिगृहातली मुलं तोवर थांबू शकत नाहीत. या आठवड्यातच पट, कोठीची वही आणि फाटकाची वही एका टेबलावर घ्या आणि मागच्या होळीच्या आठवड्याचे तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. फाटकाची वहीच नसेल, तर ती त्याच दिवशी सुरू करा.