हिरोशिमा हिरवं झालं, म्हणून तिथली पोरं बरी झाली?

मे 2025मध्ये देशभर हवाई हल्ल्याच्या तयारीची मॉक ड्रिल झाली, तेव्हापासून नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा: "देवळालीची लष्करी छावणी, ओझरचा विमान कारखाना, नोट प्रेस, म्हणून नाशिक निशाण्यावर आहे म्हणतात, पण घाबरू नका. बॉम्ब लष्करी तळावर पडतो. हिरोशिमात आज झाडं आहेत, ट्राम आहे, वाचलेली माणसं नव्वदी गाठतात. आणि लहान मुलं काय, वर्षभरात विसरतात."

यातलं थोडं खरं आहे, म्हणून तर तो इतका खपतो.

झाडं आणि ट्राम खरी. 6 ऑगस्ट 1945ला अणुबॉम्ब पडला आणि तीन दिवसांत एका मार्गावर ट्राम पुन्हा धावली. आज तिथला किरणोत्सर्ग इतर कुठल्याही शहराइतकाच आहे. बॉम्ब जमिनीपासून साधारण 600 मीटर उंचीवर फुटला, त्यामुळे किरणोत्सारी द्रव्याचा मोठा भाग ढगाबरोबर वर गेला आणि खाली उरलेलं लवकर ओसरलं. पण हा झाला मातीचा हिशेब. स्फोटाच्या पहिल्या मिनिटात शरीरात जे शिरलं, त्याचं काय? रक्ताचा कर्करोग दोनेक वर्षांनी डोकं वर काढू लागला आणि सहा ते आठ वर्षांनी शिगेला पोहोचला. लहान वयात किरणांचा मारा झालेल्यांना धोका जास्त होता. सादाको सासाकी तेव्हा दोन वर्षांची होती. अंगावर ओरखडासुद्धा नाही. पुढे शाळेच्या रिले संघात धावायची. मग मानेवर गाठी आल्या आणि ऑक्टोबर 1955मध्ये, बाराव्या वर्षी, ती गेली. शहर नव्यानं उभं राहत होतं ती हीच वर्षं. सगळ्यांनाच कर्करोग झाला असं मुळीच नाही, बहुतेकांना झाला नाही. पण साधा ताप आला तरी "तेच तर नसेल?" हा प्रश्न घरात आयुष्यभर मुक्कामाला राहिला.

नव्वदीचं म्हणाल, तर जे गेले ते या मोजणीत येतच नाहीत. 1945 संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे 1 लाख 40 हजार माणसं मेली. शिवाय जगणं म्हणजे बरं होणं असं कोणी ठरवलं? नागासाकीचे सुमितेरू तानिगुची 16 वर्षांचे होते, सायकलवरून टपाल वाटत होते. स्फोटापासून अंतर 1.8 किलोमीटर, म्हणजे आपल्या नाशकात सीबीएस बसस्थानकावरून मुंबई नाक्याला चालत जाल साधारण तेवढं. पाठीची कातडी जळून गेली. एक वर्ष नऊ महिने ते पोटावर पालथे पडून होते, इतके की छातीलाही जखमा झाल्या आणि त्या कायमच्या खोल राहिल्या. दवाखान्यातून घरी आले 1949मध्ये, पण शस्त्रक्रिया पाचवीलाच पुजलेल्या. 2017मध्ये, 88व्या वर्षी वारले. मेसेजच्या हिशेबात हे "दीर्घायुष्य"!

"मुलं विसरतात" हे वाक्य मला सगळ्यात खटकलं. मुलं बोलत नाहीत, हे खरं. जपानमध्ये 1952पर्यंत परकीय लष्कराचा अंमल होता आणि त्यातली बरीच वर्षं बॉम्बबद्दल छापण्यावर सेन्सॉर होता. नंतर लग्नाच्या बाजारात "त्या गावची मुलगी" नको असायची, म्हणून आईबापच सांगायचे, गप्प बस. (पत्रिका बघणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावायला नको.) सेत्सुको थर्लो तेव्हा 13 वर्षांच्या होत्या, कोसळलेल्या इमारतीखालून रांगत बाहेर आल्या. 2017मध्ये, वयाच्या 85व्या वर्षी, ओस्लोत नोबेल शांतता पुरस्काराच्या मंचावर त्यांनी सांगितलं की हिरोशिमा म्हटलं की आधी डोळ्यांपुढे चार वर्षांचा भाचा एइजी येतो, भाजून ओळखू न येणारा, पाणी मागत असलेला. बहात्तर वर्षं झाली होती.

ग्रुपवर कोणीतरी उलट टोक गाठलं: "तिथे आजही व्यंग असलेली मुलं जन्मतात." हेही खोटं. आईच्या पोटात असताना मारा झालेल्या काही बाळांची डोकी लहान राहिली, हे नोंदलेलं आहे. मात्र वाचलेल्यांच्या पुढच्या पिढीच्या दीर्घ अभ्यासात आनुवंशिक दोष वाढल्याचा पुरावा मिळालेला नाही. याच अफवेनं त्या मुलींची लग्नं मोडली होती.

राहिलं "बॉम्ब लष्करी तळावर पडतो". हिरोशिमात लष्कराचं मोठं मुख्यालय होतंच. तरी नेम धरला होता तो शहराच्या मधोमध असलेल्या टी आकाराच्या आइओई पुलावर. त्या सकाळी 8 वाजून 15 मिनिटांनी हजारो शाळकरी मुलं रस्त्यावर होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायचं काम त्यांना दिलं होतं. बहुतेक बारा-तेरा वर्षांची, आपल्याकडची सातवी-आठवी. त्यांतली सुमारे सहा हजार मेली. देवळालीपासून आपली सोसायटी किती लांब, याचं गणित मांडणाऱ्यांनी ही मुलं कुठल्या तळावर होती तेही सांगावं.