परदेशातून : फाल्स्टॅड जिवंत आहे

ऑक्टोबर 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमला ‘ब्लिझकॉन’ हे ब्लिझार्ड या गेम कंपनीचं चाहत्यांसाठीचं संमेलन भरलं होतं. मंचावर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमची कथा ठरवणारी मंडळी होती. लाल सदऱ्यातला एक चाहता माइकपाशी आला. नव्या भागात आयर्नफोर्ज या नगरीतल्या ड्वार्फ (बुटक्या) लोकांचा कारभार तीन घराण्यांच्या मंडळाकडे जाणार, आणि वाइल्डहॅमर घराण्याकडून तिथे कुर्ड्रान बसणार, असं जाहीर झालेलं होतं. त्याने विचारलं, मग वाइल्डहॅमरांच्या एरी पीक या ठाण्याचा प्रमुख फाल्स्टॅड कुठे गेला? मंचावरून उत्तर आलं की तो एका कादंबरीत मेला ना! चाहता म्हणाला, नाही, तो पहिल्यापासून गेममध्ये उभा आहे. सभागृह हसलं, आणि मंचावरून चूक दुरुस्त करण्याचं आश्वासन मिळालं.

7 डिसेंबरला ‘कॅटॅक्लिझम’ हा नवा भाग आला, तेव्हा मंडळात फाल्स्टॅड होता. कुर्ड्रानची रवानगी ट्वायलाइट हायलंड्सच्या आघाडीवर झाली होती. आणि फाल्स्टॅडशेजारी लाल सदरा घातलेला एक नवा ड्वार्फ उभा होता, नाव ‘वाइल्डहॅमर फॅक्ट चेकर’.

इथल्या मराठी मित्रमंडळींत हा किस्सा निघाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘आपल्याकडे असं झालं असतं तर?’ मग जानेवारी 2025 चं उदाहरण येतं. संभाजी महाराजांवरच्या चित्रपटाच्या ट्रेलरमधल्या लेझीमच्या दृश्यावर आक्षेप आला आणि प्रदर्शनाआधीच ते दृश्य निघालं. दुरुस्ती दोन्हीकडे झाली, तीही झटपट. फरक मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. अ‍ॅनाहाइममध्ये आक्षेप घेणाऱ्याने पुरावा कुठे आहे ते सांगितलं होतं, आणि तो कोणीही लॉगिन करून पाच मिनिटांत तपासू शकत होतं. लेझीमच्या वादात समकालीन साधनं काय सांगतात हा प्रश्न मागेच राहिला.

तरीही ‘परदेशातले लोक चूक मोठ्या मनाने मान्य करतात’ हा निष्कर्ष मला पटत नाही. फाल्स्टॅडवर कुणाची श्रद्धा नाही, त्याचे वंशज नाहीत, त्याच्या नावाने निवडणूक लढवली जात नाही. अशा पात्राबद्दल दिलदार होणं फुकट असतं. शिवाय तो व्हिडिओ पसरल्यावर त्या चाहत्याच्या बोलण्याच्या ढबीची टिंगल झाली, तीही इथलीच. आणि जुलै 2018 मध्ये ‘गिल्ड वॉर्स 2’च्या एका लेखिकेने कथालेखनाबद्दल सल्ला देणाऱ्या चाहत्याला ट्विटरवर फटकारलं, तेव्हा चाहत्यांचा असा गदारोळ उठला की कंपनीने तिला आणि तिची बाजू घेणाऱ्या सहकाऱ्याला कामावरून काढलं.

त्यापेक्षा चूक होते कशी, हे पाहणं उपयोगाचं. चाहत्यांना वाटतं की प्रवक्त्याने गेम खेळलेलाच नाही. मार्केटिंगच्या माणसाबाबत ते खरं असूही शकतं, त्याच्या हातात चार मुद्द्यांचा कागद असतो. पण लेखक चुकतो त्याचं कारण बरोबर उलटं असतं: त्याला जास्त आठवत असतं. एखादं पात्र एका खर्ड्यात मरतं, दुसऱ्यात वाचतं, तिसऱ्यात त्याचं घराणंच बदलतं. चाहत्याने फक्त छापून आलेला खर्डा पाहिलेला असतो, तर लेखकाच्या डोक्यात सगळे एकावर एक बसलेले असतात. त्यात कादंबरी एका टेबलावर, क्वेस्ट (खेळाडूला गेममध्ये मिळणारी कामगिरी) दुसऱ्या टेबलावर लिहिली जाते.

कधी लेखक स्वतःचं जुनं लेखनही विसरतो. याच मालिकेतल्या जुन्या ‘वॉरक्राफ्ट 3’ गेमच्या छापील पुस्तिकेत एरेडार ही जमात आधीपासून दुष्ट होती, आणि तिच्याशी लढता लढता सार्गेरास हा देवासारखा योद्धा खचला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या 2007 मधल्या ‘बर्निंग क्रुसेड’ या भागासाठी हे उलटलं: सार्गेरासनेच एरेडारांना बिघडवलं. चाहत्यांनी पुस्तिका पुढे केल्यावर या कथेचा प्रमुख लेखक ख्रिस मेट्झनने सरळ कबूल केलं, ते मीच लिहिलं होतं आणि विसरलो. माझ्या मते ते अशा प्रसंगातलं सर्वांत चांगलं उत्तर आहे. मात्र नवी कथा त्याने तशीच ठेवली, हेही लक्षात घ्या.

‘फॉलआउट’ या गेममालिकेचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. एप्रिल 2024 मध्ये तिच्यावर आलेल्या टीव्ही मालिकेत एका फळ्यावर शेडी सँड्स शहराच्या पतनाचं साल 2277 लिहिलेलं दिसतं, तिथून एक बाण, आणि बाणापुढे स्फोटाचं चित्र. ‘फॉलआउट’मधलाच ‘न्यू वेगास’ हा गेम घडतो 2281 मध्ये, आणि त्यात ते शहर नष्ट झाल्याचा उल्लेख नाही. मग तो गेम अधिकृत इतिहासातून उडवला, असा ओरडा झाला. ‘फॉलआउट’ गेमचा प्रमुख टॉड हॉवर्डने मुलाखतीत खुलासा केला की बॉम्ब ‘न्यू वेगास’नंतर पडला. नीट पाहिलं तर फळ्यावर साल पतनाचं आहे, स्फोटाला साल नाही, म्हणजे खुलासा बसतो. पण फळा तोच राहिला. मुलाखत न वाचणाऱ्याचा आजही गोंधळ होणार. तोंडी खुलासा ही दुरुस्ती नव्हे, दुरुस्ती मूळ ठिकाणीच व्हायला हवी.

पुण्यातल्या स्टुडिओंनी यात लक्ष घालावं असं मला वाटतं. नॉडिंग हेड्सच्या 2020 मधल्या ‘राजी’ या गेममध्ये दुर्गा आणि विष्णू कथा सांगतात, तिथे प्रश्न विचारणारा चाहताही असेल आणि भक्तही. सुपरगेमिंगच्या ‘इंडस’मध्ये विर्लोक हा ग्रह, कॉस्मियम हा पदार्थ, सगळी पूर्ण कल्पित दुनिया, तिथे काम सोपं. दोघांनाही उपयोगी पडेल अशी पद्धत पुण्यातच आहे. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी 1,259 हस्तलिखितं पाहिली. 1966 मध्ये काम पुरं झालं तेव्हा 19 खंडांत स्वीकारलेला पाठ वर आणि नाकारलेले पाठभेद खाली, हस्तलिखिताच्या खुणेसकट, छापलेले होते. (याच संस्थेवर 5 जानेवारी 2004 रोजी शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकाच्या वादातून हल्ला झाला. पुराव्याने वाद आणि दांडगाईने वाद, घरच्या वादाची ही दोन्ही टोकं एकाच वास्तूत.)

गेमसाठी हे करायला एक तक्ता पुरतो. प्रत्येक विधानाची एक ओळ: विधान, ते पहिल्यांदा कुठे आलं (क्वेस्ट, पान किंवा आवृत्ती क्रमांक), स्थिती (पक्कं, रद्द, अनिर्णित), शेवटचा बदल केव्हा झाला, आणि उत्तरदायी कोण. रद्द झालेल्या ओळी पुसायच्या नाहीत, कारण मंचावर तोंडून निसटतात त्या त्याच. बदल करण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा. चौघांना दिला की महिन्याभरात दोन तक्ते तयार होतात. कार्यक्रमाआधी प्रवक्त्याला फक्त त्या भागात बदललेल्या ओळी द्याव्यात, अख्खा तक्ता दिला तर तो कोणी वाचत नाही. उत्तरं तीनच: हो, नाही, किंवा तपासून अमुक तारखेला सांगतो. तारीख न देता ‘बघतो’ म्हटलं की तीच क्लिप वर्षभर फिरते.

माइकपाशी जाणाऱ्यानेही एकच प्रश्न न्यावा, आधी गेममधली जागा सांगावी, मग पुस्तक. जाण्यापूर्वी चालू आवृत्तीत ते पात्र अजून तिथे आहे का, हे पाहून घ्यावं. विकीवरची नोंद बहुधा एक पॅच (गेममधली ताजी सुधारणा) मागे असते.