सामायिक मैदान आणि सातबाऱ्यावरचे नाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कॉव्हेंट्री सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण आपल्या एका मुद्द्यामुळे मला माझेच एक वाक्य मागे घ्यावे लागणार आहे. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय सांगतो. अडचणीत आलेल्या क्लबने दुसऱ्याच्या मैदानावर घरचे सामने खेळण्यात गळा काढण्यासारखे काही नाही, असे आपले म्हणणे आहे. इटलीतल्या मिलान शहराचे मिलान आणि इंटर हे दोन क्लब एकाच सान सिरो मैदानावर नांदतात, गोव्यातले क्लब फातोर्ड्याच्या मैदानावर आळीपाळीने खेळत आले, आणि ज्या कॉव्हेंट्रीसाठी मी हळहळलो त्याच संघाने बर्मिंगहॅमच्या मैदानावर राहून लीग वनचे, म्हणजे तिसऱ्या श्रेणीचे, विजेतेपद मिळवले, हे दाखले आपण दिले आहेत. शेवटी आपण विचारले आहे की, भाडे थकवणाऱ्या भाडेकरूची बाजू घेऊन मी घरमालकाला खलनायक का ठरवतो, आणि मी क्लबचा अध्यक्ष असतो तर वेगळे काय केले असते.

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे आपण बरोबर आहात. ‘2013 मध्ये कॉव्हेंट्रीला घराबाहेर काढण्यात आले’ असे मी लिहिले होते. ते चुकीचे आहे. क्लबच्या मालकांनीच 2012 च्या वसंतापासून रिको अरेना या घरच्या स्टेडियमचे भाडे देणे थांबवले, आणि पुढच्या वर्षी तेच संघाला घेऊन सुमारे 35 मैलांवरच्या नॉर्दॅम्प्टनला, सिक्सफील्ड्सच्या छोट्या मैदानावर गेले. ते वाक्य मी दुरुस्त करीत आहे. परंतु भाडे थकले ही या गोष्टीची सुरुवात नव्हती. क्लब 1899 पासून हायफील्ड रोडवर खेळत होता. नवे स्टेडियम उभे राहण्याआधीच ती जागा विकून झाली होती, आणि नव्या स्टेडियमच्या कंपनीत क्लबचा जो अर्धा वाटा असायला हवा होता तोही पैशांच्या ओढाताणीत एका धर्मादाय संस्थेकडे गेला. उरलेला अर्धा नगर परिषदेचा होता. त्यामुळे 2005 मध्ये कॉव्हेंट्री सिटी आपल्याच नव्या घरात शिरली ती भाडेकरू म्हणून. वर्षाचे भाडे बारा लाख पौंडांच्या वर होते, आणि खाणेपिणे व पार्किंग यांतून येणाऱ्या पैशाचा मोठा भाग स्टेडियम कंपनीकडे जात होता. संघ 2012 मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला तेव्हा हे ओझे पेलणे अशक्य झाले. मालकांनी जे केले त्याचे समर्थन मी करीत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, दुसऱ्याच्या मैदानावर जाण्याच्या आठ वर्षे आधीच कॉव्हेंट्री बेघर झाली होती, फक्त तिच्या दारावरची पाटी तशीच राहिली होती.

म्हणूनच सान सिरोचा दाखला मला इथे लागू पडतो असे वाटत नाही. ते मैदान 1926 मध्ये मिलानचे अध्यक्ष पिएरो पिरेल्ली यांच्या पुढाकाराने बांधले गेले, 1935 मध्ये मिलान शहराच्या पालिकेने ते घेतले, आणि इंटर तिथे 1947 मध्ये आला. त्यानंतर दोन्ही क्लब पालिकेचे भाडेकरू होते, म्हणजे दोघांचा मालक तिसराच होता आणि दोघांचे वजन साधारण सारखे होते. दोघांनी 2025 मध्ये ते मैदान पालिकेकडून मिळून विकत घेतले. या सगळ्या काळात कोणीही कोणाचा पोटभाडेकरू नव्हता आणि कोणाच्याही प्रेक्षकांना शहर सोडून जावे लागले नाही. आपण उल्लेख केलेल्या फातोर्ड्याची गोष्टही याच जातीची आहे. ते मैदान सरकारी, त्यामुळे पणजीचा धेंपो, वास्कोचा साळगावकर आणि मडगावकडचा चर्चिल ब्रदर्स हे तिथे एकाच पायरीवर उभे होते. पणजीच्या माणसाला मडगावपर्यंत यावे लागे हे खरे, पण गोव्याच्या फुटबॉलवेड्याने तेवढ्या अंतराची तक्रार केल्याचे माझ्या तरी कानावर आलेले नाही.

आपण म्युनिकचा विचार करावा, असे मला सुचवायचे आहे. आलियान्झ अरेना 2005 मध्ये उघडले तेव्हा बायर्न आणि 1860 म्युनिक हे दोघे त्याचे निम्मे-निम्मे मालक होते, आणि कागदावर याहून समान भागीदारी सापडणे कठीण. पण 1860 दुसऱ्या श्रेणीत होता, तिजोरी रिकामी होती, आणि 2006 मध्ये त्याने आपला अर्धा वाटा 1 कोटी 10 लाख युरोंना बायर्नला विकला. त्या दिवसापासून शहरातला जुना प्रतिस्पर्धी हाच घरमालक झाला. सत्तर हजारांच्या त्या स्टेडियममध्ये दुसऱ्या श्रेणीचे सामने बहुतेक वेळा रिकाम्या खुर्च्यांसमोर झाले. हा संसार 2017 पर्यंत चालला. त्या वर्षी संघ दुसऱ्या श्रेणीतून घसरला, गुंतवणूकदाराने पैसे न भरल्याने तिसऱ्या श्रेणीचा परवानाही मिळाला नाही आणि क्लब थेट चौथ्या श्रेणीत जाऊन पडला. मग बायर्नशी असलेला करार मोडून ते गीझिंगमधल्या जुन्या ग्रुनवाल्डर मैदानावर परतले. आता गंमत पाहा. हे मैदानही पालिकेचे आहे आणि तिथे बायर्नचा राखीव संघही खेळतो, म्हणजे मैदान अजूनही सामायिकच आहे. तरीही जेमतेम पंधरा हजारांची ती जागा चौथ्या श्रेणीतही भरू लागली आणि लोक घरी आल्यासारखे वागू लागले. माझा आक्षेप सामायिक मैदानाला असता तर या उदाहरणाने तो मोडीत निघाला असता. माझा आक्षेप दुबळ्याने बलवानाच्या मर्जीवर, आपल्या वस्तीपासून दूर, परतीची तारीख न ठरवता राहण्याला आहे.

विजेतेपदाचा मुद्दा आपण जोर देऊन मांडला आहे आणि त्याला अजून बळकटी देणारी उदाहरणे मीच देतो. चार्लटनला 1986 मध्ये पहिल्या श्रेणीत बढती मिळाली ती क्रिस्टल पॅलेसच्या सेल्हर्स्ट पार्कवर राहून. ब्रिस्टल रोव्हर्सने 1990 मध्ये तिसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले तेव्हा ते बाथ शहरातल्या ट्वर्टन पार्कवर बिऱ्हाड करून होते. तेव्हा दुसऱ्याच्या मैदानावर संघ हरतोच असे म्हणणे निराधार आहे आणि ते मी म्हटलेलेही नाही. चांगला प्रशिक्षक आणि एकजीव संघ कुठेही जिंकू शकतो. क्लबची गोष्ट निराळी असते, कारण तो दर पंधरवड्याला तीच वाट चालणाऱ्या माणसांच्या सवयीवर उभा असतो. ब्रायटनचे गोल्डस्टोन मैदान विकले गेल्यावर संघ 1997 पासून दोन हंगाम जिलिंगहॅमला खेळला. एका बाजूचे अंतर सत्तर मैलांहून अधिक, म्हणजे पुण्याच्या संघाने घरचे सामने साताऱ्याला खेळावेत तसे. पहिल्या हंगामात ते चौथ्या श्रेणीत शेवटून दुसरे आले. कॉव्हेंट्रीने रिकोतल्या शेवटच्या हंगामात सरासरी दहा हजारांहून अधिक प्रेक्षक पाहिले होते, सिक्सफील्ड्सवर ती सरासरी अडीच हजारांच्याही खाली आली.

त्या हंगामात मी नोकरीनिमित्त मिडलंड्समध्ये राहत होतो. कॉव्हेंट्रीत जन्मलेल्या एका सहकाऱ्याबरोबर मी एकदा नॉर्दॅम्प्टनला गेलो. मी तिकीट काढून आत गेलो. तो गेला नाही. मैदानाबाहेर एक टेकडी आहे, तिथून मैदानाचा थोडासा भाग दिसतो, आणि तिथे शंभरेक माणसांबरोबर तो नव्वद मिनिटे थंडीत उभा राहिला. मालकांच्या हातात एक पैसाही जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा निर्धार होता. आत बसलेल्यांचे म्हणणे असे की, पोरे मैदानात आपल्या रंगाचा सदरा घालून धावत आहेत, त्यांना पाठ दाखवायची कशी? परतताना गाडीत आमचा यावरून वाद झाला आणि तो आजही मिटलेला नाही. टेकडीवरच्या माणसाला ‘तुझे प्रेम कमी’ असे म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही, आणि आत बसलेल्यांना फितूर म्हणणाऱ्यांशीही मी सहमत होऊ शकलो नाही. त्या हंगामात संघ दिवाळखोरीच्या प्रक्रियेमुळे उणे दहा गुणांवरून सुरुवात करून अठराव्या स्थानी राहिला. पण मला लक्षात राहिली ती कुंपणाने दोन तुकडे केलेली एकाच संघाची माणसे. पुढे 5 सप्टेंबर 2014 रोजी क्लब रिकोत परतला तेव्हा 27,306 माणसे आली होती. समोर जिलिंगहॅम होता, आणि सामना तिसऱ्या श्रेणीचा होता.

परत येता येणे हीच कळीची बाब आहे. चार्लटनच्या प्रेक्षकांना सप्टेंबर 1985 मध्ये घरच्या सामन्याच्या वेळी हातात पत्रके देऊन सांगण्यात आले की, आपण ‘व्हॅली’ सोडत आहोत. ते परत येऊ शकले कारण ते मैदान, गवत माजलेले का होईना, जागेवर होते. ग्रिनिचची स्थानिक परिषद परवानगी देत नाही असे पाहून त्यांनी 1990 मध्ये ‘व्हॅली पार्टी’ नावाने निवडणूक लढवली, जवळपास पंधरा हजार मते घेतली, आणि 5 डिसेंबर 1992 रोजी ते घरी आले. उलट ब्रायटनच्या जुन्या मैदानावर दुकाने उभी राहिली, त्यामुळे त्यांना स्वतःच्या स्टेडियमसाठी 2011 उजाडले. विम्बल्डनने 1991 मध्ये प्लाऊ लेन हे आपले मैदान सोडले ते ‘तात्पुरते’ म्हणून, बारा वर्षे सेल्हर्स्ट पार्कवर काढली आणि मग मूळ क्लब मिल्टन किन्स या दुसऱ्याच शहरात नेण्यात आला.

इथे माझ्या बाजूला अडचणीचे ठरणारे एक उदाहरण मीच पुढे ठेवतो. विम्बल्डनच्या चाहत्यांनी 2002 मध्ये स्वतःचा एएफसी विम्बल्डन स्थापन केला, आणि ते किंग्स्टोनियन या छोट्या क्लबच्या किंग्समेडो मैदानावर राहायला गेले. पुढच्याच वर्षी त्या मैदानाचा ताबा त्यांच्याकडे आला आणि किंग्स्टोनियन आपल्याच घरात भाडेकरू झाला. नंतर प्लाऊ लेनला परतण्यासाठी पैसा उभा करताना किंग्समेडो चेल्सीला विकले गेले, आणि 2017 पासून किंग्स्टोनियनला दुसऱ्यांच्या मैदानांवर दिवस काढावे लागले. एएफसी विम्बल्डन 2020 मध्ये प्लाऊ लेनला पोहोचला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या वाजवताना किंग्स्टोनियनचे नाव माझ्या मनात आले नव्हते, हे कबूल करतो. आपण मला ‘निवडक भावुक’ म्हटले आहे, ते निदान या बाबतीत खरे आहे.

आता आपला अखेरचा प्रश्न. अध्यक्ष असतो तर सिक्सफील्ड्सचा करार मी केला नसता. त्या वेळी कॉव्हेंट्रीतच बत्तीस हजारांचे स्टेडियम रिकामे होते, आणि भाड्याचा वाद कितीही कडू असला तरी तो त्याच शहरात बसून लढता आला असता. सेंट अँड्र्यूजचा, म्हणजे बर्मिंगहॅमच्या मैदानाचा, 2019 चा करार मात्र मी केला असता. तोपर्यंत रिको वॉस्प्स या रग्बी क्लबच्या मालकीचे झाले होते. हा वॉस्प्स स्वतः बारा वर्षे वायकम वाँडरर्सच्या मैदानावर भाड्याने राहून आलेला, पण घरमालक झाल्यावर त्याचीही भाषा बदलली. कॉव्हेंट्रीच्या मालकांनी कोर्टकज्जे मागे घेतल्याशिवाय बोलणीच करायची नाहीत, असे त्याने ठरवले होते, आणि मैदान न सापडल्यास लीगमधूनच हकालपट्टी होण्याची टांगती तलवार होती. वीस मैलांवरचे, रेल्वेने गाठता येणारे मैदान हाच त्यातल्या त्यात बरा पर्याय होता. पुढे 2022 मध्ये वॉस्प्सच कोसळला, स्टेडियम दुसऱ्याच व्यावसायिकाकडे गेले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये नव्या मालकाच्या काळात ते क्लबने विकत घेतले, म्हणजे वीस वर्षांनी एकदाचे सातबाऱ्यावर नाव लागले. आणि टेकडीवर उभा राहिलेला माझा तो सहकारी, मालक तेच असतानाही, बर्मिंगहॅमला मात्र तिकीट काढून आत जात होता. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, या वेळी आमच्यासाठी दुसरे दार उघडे नव्हते.

आपला स्नेहांकित,
लेखक