सगळं स्वभावावर ढकलू नका
व्यसनांवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की उतावळ्या, धाडसी स्वभावाची मुलं ड्रग्जकडे लवकर वळतात. पटतं, पण हे अर्धंच झालं. व्हिएतनाम युद्धात कितीतरी अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. अमेरिकन संशोधक ली रॉबिन्स यांनी १९७०च्या दशकात त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा मायदेशी परतल्यावर बहुतेकांचं व्यसन सुटलेलं दिसलं. माणसं तीच, स्वभाव तोच. बदलला होता तो भोवताल.

आणि मला तर धास्तावलेल्या, गप्प मुलांची जास्त काळजी वाटते. चारचौघांत बोलताना घशाला कोरड पडणाऱ्या मुलाला एका गोळीने मोकळं वाटलं, तर तो मजेसाठी नाही, त्या सुटकेसाठी पुन्हा घेतो. त्यात घरचेच ‘कमकुवत मनाचा’ म्हणून हिणवत असतील तर त्याने जायचं कुणाकडे? कृपया यावरही सविस्तर लिहा.