रंग आला म्हणजे झालं? – ऐरोलीकरांना उत्तर

ऐरोलीकर, नमस्कार.

अमली पदार्थांच्या तपासणीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, हे कबूल. तुमचं म्हणणं असं: एमडीला (म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पुडीला) मी ‘खटच्या पानाचा चुलतभाऊ’ म्हटलं ही दिशाभूल, आणि पोलिसांच्या किटमध्ये रंग आल्यावरही लॅबला महिने लागतात हा वेळकाढूपणा.

पहिलं मान्य. मेफेड्रोन पानातून काढत नाहीत, ते कारखान्यात बनतं. खट या झुडपाच्या ताज्या पानांत कॅथिनोन हे उत्तेजक द्रव्य असतं (पानं वाळली की बरंचसं उतरतं, म्हणून येमेन-इथिओपियात ती ताजीच चघळतात) आणि मेफेड्रोनचा सांगाडा त्या कॅथिनोनचा. नातं रचनेचं, उगमाचं नाही. वाक्य बदललंय.

दुसऱ्यावर मात्र हटणार नाही. किटमधलं मार्क्विसचं रसायन हेरॉइनवर टाकलं की जांभळं होतं. ॲस्पिरिनवरही लालसर होतं! आणि तुमच्या एमडीवर? जेमतेम पिवळट, कधी तेवढंही नाही.

यंत्रालाही हे सोपं नाही. जीसी-एमएस या लॅबमधल्या यंत्रात नमुन्यातले पदार्थ आधी एका लांब नळीतून (कॉलममधून) वेगळे होतात, मग रेणू फुटतो आणि तुकड्यांचं वस्तुमान कळतं. मेफेड्रोनचा मुख्य तुकडा ५८चा. एमडीएमएचाही (एक्स्टसी, एमडीहून वेगळी नशा) ५८, मेथॅम्फेटामाइनचाही ५८. त्यात मेफेड्रोनचा मिथाइल गट कड्यावर एक घर सरकला की ३-एमएमसी हा वेगळा पदार्थ, त्याचा आलेख जवळपास तोच. मग कॉलममधून तो कितव्या मिनिटाला बाहेर पडतो ते खात्रीच्या नमुन्याशी ताडायचं, इन्फ्रारेड प्रकाशाचा आलेखही काढायचा. नोकरीत असताना ठाण्याहून कलिन्याच्या लॅबला जाताना लोकलच्या दारात उभी राहून असेच आलेख डोक्यात घोळवलेत.

एवढं कशाला? २० ग्रॅम पांढरी पूड धरा. एमडीएमए निघाली तर अमली पदार्थ कायद्यातलं ‘व्यावसायिक प्रमाण’ (त्यापुढे शिक्षा कडक) १० ग्रॅम, म्हणजे किमान १० वर्षं. मेफेड्रोन निघालं तर ती मर्यादा ५० ग्रॅम, १० वर्षं ही कमाल. किटच्या रंगावर ठरवायचं का हे? उशीर होतो, नाकारत नाही. पण तो बराचसा तपासणीसाठी थांबलेल्या नमुन्यांच्या रांगेचा.

गांजाचं विचारलंत, तो उलट सोपा. सूक्ष्मदर्शकाखाली पानावर नखासारखे वाकडे केस दिसतात, बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटचा खडा. ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतो. फक्त फुलोरा आहे ना ते बघावं लागतं, कारण नुसती पानं किंवा बिया कायद्याने गांजा नाहीत. एवढ्यावरून ठाणे कोर्टात बचावाच्या वकिलांनी मला पाऊण तास पिंजऱ्यात उभं ठेवलं होतं. तेव्हाही चिडलेच होते. प्रश्न बरोबर होता.