मॅडम शिकवत नाहीत म्हणे!

आला. सत्राचा फीडबॅक आला. आणि त्यात हे रत्न: ‘मॅडम स्वतः शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात.’

अरे, मग कोणी करायचं? मी? मी तो पेपर कधीच पास झालेय!

दर आठवड्याला छोटी चाचणी काढा, तपासा, भर तासाला प्रश्न टाकून शेजारच्याशी वाद घालायला लावा, बाकांमधून फिरा (बाक जमिनीला ठोकलेले. ज्याने ठोकले त्याला एकदा चारचारचे गट पाडून दाखवायला सांगा), आणि बदल्यात ‘विषयाची मांडणी’ला पाचपैकी २.९. त्याच वर्गाला एक सर वर्षानुवर्षांच्या स्लाइड वाचून दाखवतात. त्यांना ४.६. ‘सर खूप छान समजावतात.’ समजतंच की! पेपर हातात पडेपर्यंत सगळं समजतं.

विभागप्रमुखांनी बोलावलं. ‘मॅडम, थोडं पीपीटीवर घ्या. नोट्स देऊन टाका. मुलं खूश राहतात.’ मी त्यांच्यापुढे हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९ चा अभ्यास ठेवला. मुलांनी स्वतः डोकं लावलं त्या वर्गात ती जास्त शिकली, पण त्यांना वाटलं मात्र उलटंच, की आपण कमी शिकलो. म्हणजे तुमचा हा फॉर्म शिकणं मोजतच नाही हो, आराम मोजतो! विभागप्रमुखांनी चष्मा वर सरकवला. ‘ते हार्वर्ड झालं, मॅडम.’

संपलं.

आणि मुलं? पुस्तक पिवळंधम्मक रंगवून येतात. ‘मॅडम, चार वेळा वाचलंय.’ रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्येच दाखवलंय: पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर मधे चाचणी दिलेले पुढे. परीक्षा पाच मिनिटांनी असते का रे?

अध्यापन कार्यशाळांबद्दल तर बोलायलाच नको. बोलतेच. तिथे तो पिरॅमिड असतोच: वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के आणि केलेलं ९० टक्के लक्षात राहतं म्हणे. हा पिरॅमिड ज्यांच्या नावावर खपवतात त्या शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या १९४६ च्या मूळ शंकूच्या आकृतीत एकही टक्का नव्हता! मग ‘तुम्ही दृश्य की श्राव्य?’ची, म्हणजे बघून शिकता की ऐकून, याची प्रश्नावली. तसं वर्गीकरण करून शिकवल्याचा फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, हे मानसशास्त्रज्ञांचं २००८ मध्येच सांगून झालंय. आम्ही अजून भरतोय.

हे सगळं काल स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याला ऐकवलं. उभी राहून, हातवारे करत, त्याचा अख्खा मोकळा तास खाऊन. नुसत्या व्याख्यानाने कोणी शिकत नाही, या विषयावर सलग व्याख्यान. मधे एक प्रश्न विचारला असेन तर शपथ. तो बिचारा मान डोलावत होता. शेवटी म्हणाला, ‘छान समजावता हो तुम्ही.’

आता ‘सुधारणेसाठी केलेली कार्यवाही’ हा रकाना उद्यापर्यंत भरायचाय. दोनशे अक्षरांत. चाचण्या काही बंद होणार नाहीत, जा. ‘आवाज वाढवला’ असं लिहून टाकते.