देश उजवायचा असेल तर

तुमच्या पदरी एखादा लहानसा देश असेल, वयात आलेला असेल आणि तो चांगल्या घरी पडावा अशी तुमची इच्छा असेल, तर युरोपियन युनियनसारखं स्थळ शोधून सापडायचं नाही. २७ जणांचं एकत्र कुटुंब, खातंपितं घर, बहुतेकांचं चलन एक, आणि या खोलीतून त्या खोलीत जाताना सहसा कुणी पासपोर्ट विचारत नाही. अपेक्षा म्हणाल तर अगदी साध्या. १९९३ साली कोपनहेगनला त्यांनी त्या लिहूनच काढल्या : लोकशाही हवी, कायद्याचं राज्य हवं, अल्पसंख्याकांना संरक्षण हवं, बाजार धड चालता हवा. बस्स. ‘आम्हाला काही नको हो, मुलगी आणि नारळ द्या’ म्हणणारी माणसं आपल्याकडे असतात ना, तशीच ही मंडळी. तुम्ही दोन-चार लग्नांत यादीवर बसला असाल, तर पुढचं सांगायची गरज नाही. तरी सांगतो.

उदाहरणाला उत्तर मॅसेडोनिया घेऊ. स्कोप्ये ही राजधानी, मदर तेरेसांचं जन्मगाव. लोकवस्ती अठरा लाखांच्या आसपास, चहूकडे डोंगर, समुद्र नाही. २००४ साली त्यानं अर्ज केला आणि २००५ च्या डिसेंबरात तो ‘उमेदवार’ ठरला. उमेदवार म्हणजे कांदेपोहे झाले, पसंती कळली, आता फक्त मुहूर्त बाकी. मुहूर्त अजून बाकीच आहे. तेव्हा याच्याइतका अनुभवी उमेदवार तुम्हाला दुसरा मिळणं कठीण (तुर्कस्तानचा अर्ज १९८७ चा आहे, पण त्याचं घरात कुणी नावच काढत नाही).

पहिली गोष्ट, देशाचं बारसं करताना शेजारच्या आत्याबाईंना बोलवायला विसरू नका. १९९१ साली युगोस्लाव्हियातून वेगळं होताना या लोकांनी ‘मॅसेडोनिया’ हे नाव परस्पर ठेवून टाकलं. ग्रीस म्हणाला, मॅसेडोनिया हा आमचा प्रांत, थेस्सलोनिकी त्यातलं मोठं शहर, सिकंदर तर आमचाच. आज नाव घेतलंत, उद्या सातबारा मागाल. अखेर १९९३ साली संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तो ‘पूर्वाश्रमीचं युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसेडोनिया’ या नावानं. पूर्वाश्रमीची अमुक असं आपण लग्नानंतर लिहितो, यांना ते लग्नाआधीच चिकटलं. सभागृहात इंग्रजी वर्णक्रमानं बसवायचं कुठे हाही पेच होता. ‘एम’मध्ये बसवलं तर ग्रीस उठून जाणार, ‘एफ’मध्ये बसायला हे तयार नाहीत. शेवटी इंग्रजी नावाच्या सुरुवातीच्या ‘द’ या उपपदाला धरून त्यांना ‘टी’त, थायलंडशेजारी जागा दिली. नावाचा आधार नसेल तर माणसानं उपपदाच्या आधारानं बसावं.

झेंडाही दाखवून घ्या. यांच्या झेंड्यावर सोळा किरणांचा सूर्य होता, तो वर्गिनाच्या राजथडग्यातला, म्हणजे पुन्हा ग्रीसचा. १९९४ साली ग्रीसनं व्यापार तोडला, थेस्सलोनिकीचं बंदर बंद केलं. समुद्र नसलेल्या देशाची पोटाची वाटच ती. १९९५ मध्ये ग्रीसशी करार झाला, झेंडा बदलला, नव्या सूर्याला आठच किरण काढले आणि मालाच्या गाड्या पुन्हा हलल्या. सूर्यातही घासाघीस होते हे यावरून ध्यानात ठेवा.

आता समजा, शेजारी एवढ्यावरही खूश नाही. २००८ साली बुखारेस्टला ग्रीसनं नाटोचं दार अडवलं. अशा वेळी काय करावं? पुतळा उभारावा. तेव्हाचे पंतप्रधान निकोला ग्रुएव्हस्की यांनी राजधानीच्या भर चौकात सिकंदराचा भलामोठा अश्वारूढ पुतळा बसवला आणि कागदोपत्री त्याचं नाव ठेवलं ‘घोड्यावरचा योद्धा’. कोण योद्धा, कुणाचा घोडा, विचारायचं नाही. विमानतळाला सिकंदराचं नाव, ग्रीसकडे जाणाऱ्या महामार्गालाही सिकंदराचं नाव. पुतळे आणि विमानतळांची नावं या विषयात मराठी वाचकाला काही शिकवायचा आगाऊपणा मी करणार नाही. त्याच सुमारास, २०११ च्या डिसेंबरात, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं निकाल दिला की नाटोत आडवं येऊन ग्रीसनं १९९५ चा तो करार मोडला. असा निकाल लागला तर चौकट करून दिवाणखान्यात लावा. पाहुण्यांना दाखवायला बरा असतो. सोयरिकीत त्याचा उपयोग नाही.

उपयोग होतो तो तांदळाच्या ताटाचा. आपल्याकडे नवी सून आली की ताटात तांदूळ पसरून अंगठीनं तिचं नवं नाव लिहितात, तसं १७ जून २०१८ रोजी प्रेस्पा सरोवराच्या काठी झालं. यांचे तेव्हाचे पंतप्रधान झोरान झाएव्ह आणि ग्रीसचे पंतप्रधान अलेक्सिस त्सिप्रास यांच्या उपस्थितीत नवं नाव ठरलं : उत्तर मॅसेडोनिया. फक्त शेजाऱ्यांनी हाक मारण्यापुरतं नाही हं. घरातसुद्धा तेच, राज्यघटनेतसुद्धा तेच. मग लोकांना विचारलं. कसं विचारलं, तो मसुदा प्रत्येक होतकरू देशानं पाठ करावा : ग्रीसशी झालेला करार स्वीकारून युरोपियन युनियन आणि नाटोचं सदस्यत्व घ्यायला तुमची संमती आहे का? प्रश्नात नावबदलाचा शब्दही नव्हता. मतदान झालं ३७ टक्क्यांच्या आत, सार्वमत वैध ठरायला ५० हवे होते; पण जे आले त्यांतल्या दहांतल्या नवांहून अधिकांनी हो म्हटलं. उरलेलं संसदेनं १२० पैकी ८१ मतांनी उरकलं आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये देशाला नवं नाव लागलं. विमानतळावरून सिकंदर आधीच उतरला होता, महामार्गाचं नाव ‘मैत्री’ झालं होतं, आता गाड्यांच्या पाट्यांवर ‘एमके’च्या जागी ‘एनएमके’ आलं. जुन्या नावाचे पासपोर्ट फेब्रुवारी २०२४ नंतर चालेनासे झाले.

नाव बदललं म्हणजे आता फक्त उंबरठ्यावरचं माप ओलांडायचं, असं तुम्हाला वाटेल. उत्तर मॅसेडोनियालाही वाटलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये पाय उचलला, तर फ्रान्सचे मॅक्रों म्हणाले, थांबा, गृहप्रवेशाची आमची पद्धतच आम्हाला आता पसंत नाही. आधी ती नवी करू, मग तुम्ही या. युरोपियन आयोगाचे मावळते अध्यक्ष युंकर याला ऐतिहासिक चूक म्हणाले. मावळत्या माणसाला असं म्हणता येतं. २०२० च्या मार्चमध्ये नव्या पद्धतीनुसार होकार आला. आणि मग दुसऱ्या बाजूच्या आत्याबाई जाग्या झाल्या.

बल्गेरियाबद्दल एक लक्षात घ्या, या देशाला सगळ्यात आधी मान्यता देणारा तोच. जानेवारी १९९२. मात्र मान्यता दिली ती देशाला. तिथल्या लोकांना वेगळं राष्ट्र म्हणायला आणि त्यांच्या बोलण्याला वेगळी भाषा म्हणायला त्याची ना आहे. सोफियाच्या, म्हणजे बल्गेरियाच्या राजधानीच्या, मते मॅसेडोनियन ही बल्गेरियनचीच बोली. कोकणी-मराठीचा वाद ज्यांच्या घरी जेवणाच्या ताटावर झालाय, त्यांना यातलं ठसठसणारं दुखणं नेमकं कुठे आहे ते मी सांगायला नको. फरक इतकाच की आपल्या वादात कुणाच्या हातात व्हेटो नव्हता. बल्गेरियाच्या हातात तो आहे, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्यानं तो वापरला.

तेव्हा आपल्या देशातले हुतात्मेही आधी वाटून ठेवा. गोत्से देल्चेव्ह, ऑटोमन सत्तेविरुद्ध लढताना १९०३ साली मारला गेलेला क्रांतिकारक, दोघांनाही आपला वाटतो. त्याचा जन्म ज्या गावचा ते आज ग्रीसमध्ये आहे, त्यामुळे तिसऱ्या शेजाऱ्याला तूर्तास छेडू नका. त्याच्या अस्थी १९४६ साली सोफियानंच स्कोप्येला दिल्या, तिथल्या स्वेती स्पास चर्चमध्ये त्या आहेत. अस्थी देऊन झाल्या, आता माणूस कोणाचा हे ठरवायला दोन्ही देशांच्या इतिहासकारांची संयुक्त समिती बसते. २०१७ च्या मैत्री करारात तिची तरतूद आहे. दहाव्या-अकराव्या शतकातला झार सामुइल बल्गेरियन की मॅसेडोनियन, हाही तिच्या पुढ्यातला विषय. कायद्याचं राज्य, भ्रष्टाचार, न्यायालयं ही कोपनहेगनची किरकोळ कामं मधल्या वेळात करता येतात.

२०२२ मध्ये फ्रान्सनं मधला मार्ग काढला : राज्यघटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख घाला, मग वाटाघाटींचं खरं दार उघडू. स्कोप्येच्या संसदेनं १६ जुलैला ६८ मतांनी प्रस्ताव स्वीकारला, पण घटनादुरुस्तीला ८० मतं लागतात आणि ती जमलेली नाहीत. २०२१ च्या जनगणनेत स्वतःला बल्गेरियन म्हणवणारे ३,५०४ भरले. कमी आहेत म्हणून त्यांना हक्क नकोत असं कुणी शहाणा म्हणणार नाही. फक्त, बल्गेरियातल्या मॅसेडोनियन मंडळींना साधी संघटना नोंदवू देत नाहीत म्हणून स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयानं बल्गेरियालाच एकाहून अधिक वेळा दोषी ठरवलंय. पण बल्गेरिया घरातला आहे. उंबरठ्याच्या आतल्या सुनेला पुन्हा कुणी कांदेपोहे करायला सांगतं का?

आतल्यांवरून आठवलं. ते घोडेवाले ग्रुएव्हस्की. सहा लाख युरोंच्या मर्सिडीजच्या खरेदीत गैरव्यवहार केल्याबद्दल त्यांना दोन वर्षांची कैद झाली. २०१८ च्या नोव्हेंबरात ते पळाले आणि त्यांना आश्रय मिळाला हंगेरीत. हंगेरी म्हणजे युनियनचा सदस्य, ज्याच्यावर त्याच वर्षी युरोपियन संसदेनं युनियनच्या मूल्यांना धोका असल्याचा ठपका ठेवला होता. २०१९ च्या अखेरीपासून पाच वर्षं युनियनचं विस्तार खातं, म्हणजे कायद्याचं राज्य कितपत आलंय हे उमेदवारांच्या दारात जाऊन तपासणारं खातं, होतं हंगेरीच्याच आयुक्तांकडे. तुमच्या देशातले माजी पंतप्रधान तुरुंगात जाण्याच्या बेतात असतील तर काळजी करू नका. देशाआधी त्यांचा तरी प्रवेश होतो.

हे सगळं होत असताना देशातले लोक वैतागतात आणि मत देताना तसं दाखवतात, एवढी एकच गैरसोय. मे २०२४ मध्ये निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष गोर्दाना सिल्यानोव्स्का-दाव्कोव्हा यांनी शपथविधीत देशाचा उल्लेख नुसता ‘मॅसेडोनिया’ असा केला आणि ग्रीसच्या राजदूत समारंभातून उठून गेल्या. माहेरचं नाव तोंडून निसटलं, दुसरं काय. तोवर ज्या अल्बानियाची गाठ याच्याबरोबर बांधलेली होती तो कंटाळून सुटा झाला आणि त्याच ऑक्टोबरात वाटाघाटींच्या पहिल्या गठ्ठ्यापर्यंत पोचलाही. जोडीच्या मैत्रिणीच्या लग्नात अक्षता टाकायला जावं लागतं, हसऱ्या चेहऱ्यानं, याची तयारी ठेवा.

नाव बदलून काहीच मिळालं नाही असं मात्र म्हणू नका. नाटोत जागा मिळाली, २०२० मध्ये. आणि संयुक्त राष्ट्रांच्या यादीत थायलंडशेजारची ती उपपदाची खुर्ची सुटली. आता इंग्रजी वर्णक्रमात त्यांची जागा नायजेरिया आणि नॉर्वे यांच्या मधोमध. या नॉर्वेला हेच स्थळ दोनदा सांगून आलं होतं, १९७२ आणि १९९४ साली; बोलणी पुरी झाली, घरच्यांचं मत घेतलं, दोन्ही वेळा घरचे नको म्हणाले आणि नॉर्वे आपल्या कामाला लागला. तुमचा देश यादीत कुठे बसतो ते आधी बघून ठेवा. सभा लांबली की शेजाऱ्याशी चार शब्द बोलता येतात.